जिभेचा पहारा

सौंसर-पांढुर्ण्याच्या माझ्या माणसांनो,

ज्या वैद्यबुवांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या ओसरीवर मी लहानपणी पुष्कळ काढे प्यायलो आहे. पितळेची वाटी, तळाशी गाळ, आणि वाटी रिकामी होईस्तोवर समोरून न हलणारे वैद्यबुवा. घोट उतरला की ते एकच विचारत, "कसा लागला?" नुसतं "कडू" म्हणून सुटका नसे. कडू म्हणजे कारल्यासारखा की निंबाच्या पाल्यासारखा? मागून तुरट झाला का? घशाला झोंबला का? आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा आपली मजा घेऊन राहिला. पुढे मी फार्मसी शिकलो आणि नागपुरात तीसेक वर्षं तीच शिकवली. वनस्पती ओळखायच्या प्रात्यक्षिकाला विद्यार्थी उभे करू लागलो तेव्हा उमजलं, की वैद्यबुवा आमच्या जिभेवर स्वतःचं औषध तपासून घेत होते. सुंठ किडकी असली की झोंबत नाही. गुळवेल फार दिवस पडून राहिली की तिची धार बोथट होते. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, गल्लीतली पोरं होती.

आजचा विषय मीच दिला: वनस्पतींची 'ताकदीची औषधं' कॅप्सूलमधून घ्यावी की बाटलीतून? संयोजकांना तो जरा हलका वाटला असावा, कारण त्यांनी फोन करून दोनदा विचारलं, की सर, दुसरं काही सुचतं का. मला तो हलका वाटत नाही, निदान या दोन तालुक्यांत तरी नाही. का, ते पुढे येईलच. तुम्हाला ते माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

संयोजकांनी माझी एक विनंती मात्र मानली. येताना घरात चालू असलेली बाटली, डबी, पुडी घेऊन या, असं जाहीर केलं. हे समोरचं टेबल पाहा. मी मघाशी मोजलं: एकोणीस बाटल्या, सव्वीस डब्या आणि कागदात बांधलेल्या चार पुड्या. कोणत्याही कंपनीचं नाव मी घेणार नाही. चिठ्ठी लावून ठेवल्यात, जाताना आपापली वस्तू घेऊन जा.

गेल्या उन्हाळ्यात सौंसरला पुतण्याच्या मेडिकलमध्ये बसलो होतो. रामाकोन्याकडची एक बाई आली. "काकाजी, अश्वगंधाची बाटली चांगली का कॅप्सूल चांगली जी?"

"कोणासाठी?"

"सासूसाठी. पाय दुखते म्हणते, झोप नाही येत म्हणते. टीव्हीवर सांगून राहिले का पातळ औषध लवकर लागू पडते."

"साखर आहे का त्यायले?"

"आहे न. गोळी चालू आहे."

"मोठी गोळी गिळता येते?"

"कुठची! साखरेची गोळी कुटून द्या लागते."

म्हणजे बाटलीत गूळ, आणि कॅप्सूल घशाखाली उतरत नाही. बाईने विचारलेल्या प्रश्नाला तिने विचारला तसा जबाबच नव्हता. तो प्रश्न औषधाबद्दल होता, आणि उत्तर सासूबाईंच्या घशात आणि रक्तात होतं.

आधी त्या 'लवकर लागू पडते'चा निकाल लावू. पातळ औषध आधीच विरघळलेलं असतं, म्हणून ते पोटातून पुढे जायला कॅप्सूलपेक्षा थोडं आधी तयार होतं, इतकं खरं. साध्या कॅप्सूलचं टोपण तपासणीत अर्ध्या तासाच्या आत फुटलंच पाहिजे. चांगलं टोपण कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटांत मऊ पडतं. फरक आहे तो एवढ्या मिनिटांचा. डोकं दुखत असेल तर ही मिनिटं मोलाची. जी वस्तू आपण दोन-तीन महिने घेणार, तिच्या बाबतीत पंधरा मिनिटं आधी की नंतर, याला काय अर्थ? जाहिरातीत तर टक्केवारी असते: बाटलीतलं इतकं शोषलं जातं, कॅप्सूलमधलं फक्त तितकं. प्रत्येक वनस्पतीतला प्रत्येक घटक वेगळा. कुणी पाण्यात उतरतो, कुणी तुपात. सगळ्यांना मिळून एक आकडा लागू होणं शक्यच नाही.

हळद घ्या. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या मंडळींनी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे काळ्या मिऱ्यातला तिखट घटक, दिल्यावर त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढली. म्हणजे कॅप्सूल की बाटली यापेक्षा सोबत मिरं आहे की नाही, आणि पोटात दूध-तूप आहे की नाही, हे मोठं. आपल्या आया हळदीच्या दुधात मिरं ठेचून घालत, त्याला कुणी पेटंटचा कागद मागितला नाही. (आता मात्र दुसरी औषधं चालू असताना असं करू नका. पिपेरीन दुसऱ्या गोळ्यांचंही शोषण वाढवतं, आणि ते नेहमी भल्यासाठीच असतं असं नाही.)

आता हिशेब. मास्तर आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही.

शार्ङ्गधर संहितेत काढ्याचं माप असं: एक पळ भरड, सोळा पट पाणी, आटवून आठवा हिस्सा. पळ म्हणजे आजच्या मापात ४८ ग्रॅम. ४८ ग्रॅमला ७६८ मिलिलिटर पाणी, उरलं ९६. इतका काढा आज कुणी देत नाही, म्हणून चौथाई धरू: १२ ग्रॅम भरड. वनस्पती गुळवेल असेल तर आयुर्वेदिक फार्माकोपियाची अट आहे की पाण्यात उतरणारा भाग किमान ११ टक्के भरला पाहिजे. म्हणजे आपल्या वाटीत उतरलं साधारण सव्वा ग्रॅम. आता टेबलावरच्या डब्या घ्या. ही एक: 'गुळवेल चूर्ण ५०० मिलिग्रॅम'. नुसती पूड. वाटीभर काढ्यात जितकी गुळवेल टाकली, तितकी यातून घ्यायची तर चोवीस कॅप्सूल लागतील. ही दुसरी: 'गुळवेल एक्स्ट्रॅक्ट ५०० मिलिग्रॅम'. हा अर्क आटवून वाळवलेला. याच्या तीनेक कॅप्सूलमध्येच वाटीचा ऐवज आला. दोन्ही डब्यांवर आकडा तोच, पाचशे. रंग तोच, किंमत जवळजवळ तीच. मधला एक शब्द वेगळा आहे, आणि तो शब्द वाचायला चष्म्यावर भिंग लागतं. अश्वगंधाचंही असंच. पूड म्हणून तीन ते सहा ग्रॅम घेण्याची रीत आहे. पुडीच्या कॅप्सूलमध्ये बसवायची तर दिवसाला सहा ते बारा. डबीवर लिहिलंय, सकाळ-संध्याकाळ एकेक.

विद्यार्थी असताना आम्ही हातमशीनवर कॅप्सूल भरायचो. तीनशे भोकांची पाटी, वरून पूड पसरायची, पत्र्याने दाबायची, टोपणं बसवायची. 'शून्य' मापाच्या कॅप्सूलमध्ये जागा असते ०.६८ मिलिलिटर. वनस्पतीची पूड फुसफुशीत, कापसाच्या जातीची. कितीही ठासा, पाचशे मिलिग्रॅम बसता बसत नाहीत. मग काय करायचं? एक तर 'डबल शून्य' घ्यायचं, जे म्हाताऱ्या माणसाच्या घशात अडकतं, नाहीतर पूड सोडून अर्क घ्यायचा. अर्क कॅप्सूलमध्ये का आला, याचं निम्मं उत्तर मला त्या पाटीवर मिळालं. शास्त्राइतकीच जागेचीही अडचण होती.

कॅप्सूलचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. १८३४ साली पॅरिसमध्ये मोथ नावाच्या औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याने जिलेटिनच्या पिशवीचं पेटंट घेतलं. त्या काळी परम्यावर कोपैबा नावाच्या झाडाचा राळेसारखा रस देत. तो इतका ओंगळ लागायचा की रोगी रोग सोसत, रस घेत नसत. तो रस जिभेला न कळता पोटात जावा म्हणून ही पिशवी. दोन टोपणांची, आज आपण ओळखतो ती कॅप्सूल १८४६ साली लेहुबीने आणली. तेव्हा कॅप्सूलचं काम पहिल्या दिवसापासून एकच आहे: जिभेला चुकवून आत जाणं.

वैद्यबुवांच्या ओसरीवर याच्या बरोबर उलट चालायचं. तिथे औषधाला जिभेवर हजेरी लावूनच आत जाता यायचं. मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणायचो, जीभ ही घराच्या दारावरची म्हातारी आहे. कोण आलं, कुठून आलं, कोणाच्या घरचं, विचारल्याशिवाय आत सोडत नाही. कटकट वाटते, पण घर तिच्यामुळे सुरक्षित असतं. कॅप्सूल मागच्या भिंतीवरून उडी मारून येते.

आणि गोड बाटली? ती म्हातारीच्या हातावर पेढा ठेवते.

आता ज्यासाठी हा विषय मांडला, तिथे येतो.

२०२५च्या सप्टेंबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाची लहान लहान लेकरं किडनी बंद पडून दगावायला लागली. सर्दी-तापासाठी दिलेलं कोल्ड्रिफ नावाचं पातळ औषध, तमिळनाडूतल्या कांचीपुरमच्या कारखान्यात तयार झालेलं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत त्याच्या त्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, ४८.६ टक्के. चालणारी मर्यादा ०.१ टक्के. म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मं विष होतं. वीसहून अधिक लेकरं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. ऑक्टोबरात सरकारने दिलेल्या यादीत छिंदवाड्यासोबत बैतूलची दोन आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातलंही एक लेकरू होतं. पोरांना उपचाराला नागपूरला नेत होते. परासियाहून नागपूरचा रस्ता आपल्या सौंसरवरून जातो, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

ते औषध आयुर्वेदिक नव्हतं. वनस्पतीचं तर मुळीच नव्हतं. मग आजच्या विषयात ते का आणलं? कारण ते विष गोड असतं. डायएथिलीन ग्लायकॉल दाट, बिनरंगाचं आणि चवीला गोडसर. गाड्यांच्या ब्रेक ऑइलमध्ये, थंडाव्याच्या द्रवात वापरतात. पातळ औषधात घटक विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल नाहीतर ग्लिसरीन लागतं. त्याच्या जागी औषधासाठी न बनवलेला, स्वस्त, औद्योगिक माल आला, की त्यासोबत हे येतं. आईने चमचा भरला, लेकराने चाटून घेतला. जिभेने पहारा सोडला, कारण तिला गोडाची सवय लावली होती.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर एक वेळ म्हणालो असतो, चूक झाली. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या गोड 'एलिक्सिर'ने शंभरावर माणसं याच विषाने मेली, आणि पुढच्या वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा झाला. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने महाराष्ट्रातल्या औषध यंत्रणेची लक्तरं वेशीवर टांगली. २०२०मध्ये जम्मूतल्या रामनगरला बारा मुलं. २०२२मध्ये गाम्बियात सत्तरच्या आसपास. मी वर्गात जे. जे.चा दाखला दरवर्षी देत असे. विद्यार्थी लिहून घेत, परीक्षेत उतरवत. मला वाटायचं, आपण काम केलं. छिंदवाड्याच्या बातम्या वाचताना मला माझ्या त्या दाखल्याची लाज वाटली.

मग कुणी म्हणेल, म्हणूनच आम्ही झाडपाल्याची बाटली घेतो. थांबा. नोव्हेंबर २०२३मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात 'कालमेघासव' या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीने किमान पाच माणसं मेली. नाव आसवाचं, आत मिथाइल अल्कोहोल. खऱ्या आसवात दारू कुणी ओतत नाही. ती आपोआप तयार होते. गूळ, पाणी, भरड आणि धायटीची फुलं घालून भांडं बंद करून ठेवतात, धायटीच्या फुलांवरचं यीस्ट आंबवण्याचं काम करतं, आणि हळूहळू पाच-दहा टक्के अल्कोहोल तयार होतं. कायद्याने वरची सीमा १२ टक्के. अशा बाटलीवर बहुधा 'स्वयंजनित अल्कोहोल' असे शब्द असतात. ती दारू औषध टिकवते आणि पाण्यात न उतरणारे काही घटकही ओढून घेते. म्हणून शार्ङ्गधर म्हणतो की चूर्णाचा जोर दोन महिन्यांत ओसरतो, गोळ्या-अवलेह वर्षभर धरतात, आणि आसव जितकं जुनं तितकं गुणी. पातळ रूप आपल्याकडे होतंच. पण ते पिकायला महिना-महिना वाट पाहावी लागायची. वाट पाहायची नसली की माणूस ड्रममधून ओततो.

इथे थोडं विषयांतर, पण गावातलंच. जामसावळीला आपण जातो. झोपलेल्या मारुतीच्या नाभीतून येणारं पाणी तीर्थ म्हणून घेतो, दुखणाईताच्या ओठांना लावतो. तीर्थ आपण तळहातावर घेतो आणि विचारत नाही की त्यात काय आहे. विचारायचंही नसतं, ते श्रद्धेचं पाणी आहे. पण माझी शंका अशी, की पातळ औषधाकडे पाहण्याची आपली नजर त्याच तळहाताची आहे. काचेच्या बाटलीत हिरवं-तपकिरी काही दिसलं, वर झाडाचं चित्र असलं, की हात आपोआप ओंजळीसारखा होतो.

आता कॅप्सूलवाल्यांकडे वळतो. त्यांना वाटत असेल, सुटलो.

कोविडच्या काळात गुळवेल घराघरात गेली. कुणी वेल उकळली, कुणी रसाची बाटली आणली, बहुतेकांनी गोळ्या-कॅप्सूल. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद छापली. गुळवेल घेत असताना त्यांचं यकृत बिघडलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, म्हणालं की रुग्णांनी नेमकी कोणती वेल घेतली याची ओळखच पटवलेली नाही. मला विचाराल तर या वादात दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर बोट ठेवत होत्या. गुळवेलीच्या नात्यातली टिनोस्पोरा क्रिस्पा दिसायला इतकी सारखी की वाळलेल्या कांड्यांचं मिश्रण बाजारात सहज होतं. कांडी हातात असली तर निदान पाहता येते, चावता येते. पुडी असली तर जाणता माणूस वास घेतो. पूड टोपणात गेली, की मग फक्त लेबल. आणि लेबल कुणी लिहिलं, ते टोपण सांगत नाही.

या चार पुड्यांपैकी एकीवर हिंदीत 'चिरायता' लिहिलंय. १९५६पासून आपण आजच्या मध्य प्रदेशात आहोत. तोंडात मराठी, पाटीवर हिंदी, लेबलावर इंग्रजी. 'चिरायता' म्हणजे हिमालयातलं काडेचिराईत की आपल्याकडचं किराईत, ज्याला कालमेघ म्हणतात? दोन्ही कडूजहर, झाडं मात्र वेगळी. 'ब्राह्मी' म्हणून कुणी एक वनस्पती देतं, कुणी मंडूकपर्णी. 'शंखपुष्पी' या नावाखाली तर देशात तीन-तीन झाडं विकली जातात. तामियाकडच्या पाताळकोटातून येणाऱ्या मुळ्यांची गोष्ट याहून नाजूक. ती दरी २०१९मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. भारिया लोकांचे भुमका, म्हणजे त्यांचे वैद्य, ज्या मुळीला ज्या नावाने ओळखतात, ते नाव आपल्या कोणत्याच लेबलावर नसतं.

आणि अर्काची तीव्रता. वैद्यबुवांची वाटी कडू होती म्हणून कुणी दोन वाट्या मागितल्या नाहीत. कडूपणच मात्रेला लगाम घालायचं. कॅप्सूलला लगाम नाही. एक घेतली, फरक नाही पडला, दोन घेतल्या, मित्राने सांगितलेली तिसरी. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये ग्रीन टीच्या अर्काबद्दल असंच म्हटलं: चहा प्यायलेला बरा, पण त्यातला मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम आणि वर अर्कातून गेला तर यकृतावर ताण दिसतो. चहा तेवढा पिववत नाही, कॅप्सूल गिळवते.

गंमत म्हणजे हा कॅप्सूल-बाटलीचा घोळ सरकारने एकदा स्वतःच आपल्यासमोर शेजारी-शेजारी मांडला होता. एप्रिल २०२०चा 'आयुष क्वाथ' आठवतो? तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरं एक. हे तीन ग्रॅम पुडीत द्या, किंवा त्याचा पाण्यातला अर्क ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत द्या, आणि दोन्ही दीडशे मिलिलिटर गरम पाण्यात घालून प्या, असं सांगितलं. गोळीसुद्धा गिळायची नव्हती, प्यायची होती! मला तो आदेश आवडला होता. गोळीची सोय, पण जिभेवरून जायचं. केरळातल्या कोट्टक्कलच्या आर्य वैद्यशाळेने, जी १९०२मध्ये सुरू झाली, आधी कषाय, म्हणजे काढे, बाटलीत भरून विकले आणि पुढे तेच कषाय गोळीतही आणले. बाटली न्यायला जड, प्रवासात फुटते, उघडल्यावर फार दिवस टिकत नाही. गोळीला कारण होतं, आणि ते प्रामाणिक कारण होतं.

मग कुणी काय घ्यावं? ज्याला साखर आहे, त्याने बाटलीचं बूच उघडण्याआधी हिशेब करावा. निव्वळ साखरपाकाच्या दहा मिलिलिटरमध्ये साखर असते पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. दोन वेळा घेतलं तर चार चमचे साखर पोटात, आणि वरून म्हणायचं ताकद येत नाही. 'शुगर फ्री' बाटलीत सॉर्बिटॉल असतं. काहींना त्याने जुलाब होतात. गरोदर बाई, लहान मूल, दारू सोडलेला माणूस, यांनी आसव-अरिष्ट नको. रक्तदाबाच्या माणसाने खोकल्याच्या गोड झाडपाल्याच्या बाटलीत ज्येष्ठमध आहे का पाहावं, कारण ते रोज घेतलं तर दाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. पाच वर्षांखालच्या लेकराला कॅप्सूल द्यायची नाही, ती घशात अडकते. म्हाताऱ्याला द्यायची तर बसवून, पेलाभर पाण्यासोबत. आडवं पडून घोटभर पाण्यात घेतली की टोपण अन्ननलिकेला चिकटून बसतं. टोपण उघडून पूड मधात द्यावी का? साधी पूड असेल तर चालेल. अर्क असेल तर विचारून. आणि थायरॉइडची, झोपेची गोळी चालू असेल तर अश्वगंधा कोणत्याही रूपात डॉक्टरांना न सांगता नको.

माळकऱ्यांचा प्रश्न वेगळा, तो मला इथे दरवेळी विचारतात. होय, साधं टोपण जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं. गळ्यात माळ असलेल्या माणसाने ते नको म्हणावं, हा त्याचा हक्क. झाडाच्या सेल्युलोजपासून केलेलं शाकाहारी टोपण मिळतं. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर हिरवा ठिपका बघा.

जिलेटिनची आणखी एक खोड आपल्या हवेला लागू आहे. त्यात पाणी असतं तेरा ते सोळा टक्के. वैशाखात आपल्या टिनाच्या छपराखाली ते सुकतं, टोपण बोटात चुरगळतं. आषाढात ते ओल पितं, कॅप्सूल एकमेकींना चिकटून लाडू होतो. कॅप्सूलची डबी देवघरातही नको, चुलीशेजारीही नको. ज्या खोलीत संत्र्याची पेटी तुम्ही ठेवाल, तिथे ठेवा.

लेबलाचं एकच सांगतो. टेबलावरच्या सव्वीस डब्यांपैकी अकरांवर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे आणि बारीक इंग्रजीत लिहिलंय की औषधी वापरासाठी नाही. म्हणजे ते कायद्याने अन्न आहे, औषध नाही. त्याचा नियम २०१६चा. बाकी पंधरांवर 'आयुर्वेदिक औषध' आणि औषधाचा परवाना, म्हणजे १९४०च्या औषध कायद्याखाली. दोन्ही डब्या एकाच फळीवर, एकाच रंगाच्या, एकाच दुकानात. गुडघेदुखीसाठी ज्याने अकरांपैकी एक घेतली, त्याने गुडघ्यासाठी अन्न घेतलं. आपण ते जाणून घेतलं असेल तर माझी काही तक्रार नाही.

रामाकोन्याच्या त्या बाईचं काय झालं, ते राहिलंच. मी तिला विचारलं, सासूबाई दूध पितात का? म्हणाली, रात्री अर्धा पेला. पुतण्याला सांगून साध्या अश्वगंधा चूर्णाची लहान डबी काढायला लावली, पण म्हटलं, आधी त्यांच्या साखरेच्या डॉक्टरला विचार, मग उघड. तिने डबी उघडून वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "घोड्यासारखा वास येते जी."

आला पाहिजे. त्या नावातच घोडा आहे.

आता तुमच्या वस्तू. इथे भिंग आहे, माझा चष्मा आहे, आणि घड्याळात पाऊण तास आहे. पहिली बाटली कुणाची? ती निळ्या बुचाची, मागून तिसरी. या, पुढे या.